इंग्रजीतला 'रन' ओळखायचा कसा: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत माझं लहानपण गेलं. बाबा मालगाडीवर होते. कॉल बॉय सायकलवरून निरोप घेऊन यायचा, आई डबा भरायची आणि बाबा लोखंडी लाइन बॉक्स उचलून निघायचे. दुसऱ्या दिवशी आले की सांगायचे, "रात्री बडनेऱ्याला रनिंग रूममध्ये होतो." पाचवीत इंग्रजी सुरू झालं आणि मी पाठ केलं, रन म्हणजे धावणे. मग माझ्या मनाने घेतलं की बाबांना तिथे रात्रभर धावायला लावतात, म्हणूनच ते इतके थकून घरी येतात. हे मी कोणाला विचारलंही नाही, नुसतं वाईट वाटून घेतलं. पुढे एका सुट्टीत त्यांनी भुसावळची रनिंग रूम दारातून दाखवली. ओळीने खाटा, पांढऱ्या चादरी, भर दुपारी ओढलेले पडदे आणि शांतता राखण्याची पाटी. ती झोपायची जागा होती! रेल्वेत गाडीबरोबर जे जातात, म्हणजे लोको पायलट, त्यांचे सहायक, गार्ड (आताचे ट्रेन मॅनेजर), त्यांना रनिंग स्टाफ म्हणतात, आणि दुसऱ्या गावी त्यांनी पाठ टेकायची खोली ती रनिंग रूम.

आता मी इथेच संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वर्गात केळीवाले शेतकरी असतात, नर्सिंगच्या मुली असतात, कापडदुकानात कामाला असलेली पोरं असतात, घर सांभाळून येणाऱ्या दोन-तीन ताई असतात. शाळेने सगळ्यांना एकच सवय लावून ठेवलेली: एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द. मग पुस्तकाबाहेर रन भेटला की माणूस अडतो, आणि आपल्याला इंग्रजी जमणारच नाही असं धरून बसतो. ते मला बघवत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे भीती निघून जाईल. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत निघाली. तेव्हा त्यातली सगळ्यात लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. नुसत्या क्रियापदाचेच ४३० अर्थ. पुढे एकेक शब्द नव्याने तपासला गेला आणि २०११ मध्ये रन पहिल्या नंबरावर आला. क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. हे ६४५ कोणालाही पाठ नसतात, इंग्लंडात जन्मलेल्यालाही नाही. रोजच्या कामाला वीस-पंचवीस पुरतात, आणि तेही पाठ करायचे नसतात, ओळखायला शिकायचे असतात.

पहिली पायरी: 'धावणे' बाजूला ठेवा, 'चालणे' लावून बघा

ही एकच युक्ती लक्षात राहिली तरी निम्मं काम होतं. माणूस किंवा जनावर असेल तर रन म्हणजे धावणं. पण यंत्र, दुकान, संस्था, योजना, करार, सिनेमा यांच्यापुढे रन आला, की आधी मराठीतलं 'चालणे' लावून बघा. दहातल्या सात वेळा ते चपखल बसतं.

'द मोटर इज रनिंग' म्हणजे मोटर चालू आहे. 'द शॉप रन्स वेल' म्हणजे दुकान चांगलं चालतं. 'दिस बस रन्स ऑन संडेज' म्हणजे ही बस रविवारी चालते. पिक्चर शंभर दिवस चालला, घरभाड्याचा करार अकरा महिने चालतो, शिबिर सोमवारपर्यंत चालेल, या सगळ्यांना इंग्रजीत रन चालतो. घराण्यात मधुमेह चालत आलेला असेल, तर त्यालाही इंग्रजीत 'रन्स इन द फॅमिली' म्हणतात. अमळनेर-धुळ्याकडचा माणूस भेटल्या भेटल्या विचारतो, "काय चाली राहिनं भो?" त्या 'चाली राहिनं'मध्ये शेत, घर, तब्येत, पोरांची शाळा सगळं येतं. एका शब्दाने इतकी कामं करून घेणं आपल्याला नवं नाही. मग इंग्रजांनी तेच केलं की आपण का बिचकायचं?

स्टेशनवर हा रन रोज ऐकायला मिळतो. 'द ट्रेन इज रनिंग लेट बाय टू अवर्स.' गाडी त्या क्षणी आउटरला सिग्नलसाठी गपगार उभी असेल, तरी ती 'रनिंग लेट'च. इथे रन गाडीच्या चाकांना नाही, वेळापत्रकाला लागला आहे: गाडी दोन तास उशिरा आहे. माणसालाही हे लागतं. 'आय अ‍ॅम रनिंग लेट' असा निरोप साहेबाने पाठवला तर तो धावत येतोय असं समजू नका. त्याला उशीर होतोय, एवढंच.

दुसरी पायरी: रननंतर लगेच वस्तू आली का, ते बघा

मराठीत आपण क्रियापदच बदलतो. मोटर चालते, शेतकरी मोटर चालवतो. चालणे आणि चालवणे, दोन रूपं. इंग्रजीत रूप एकच राहतं, फक्त पुढे वस्तू येते. 'द मोटर रन्स' म्हणजे चालते. 'ही रन्स द मोटर' म्हणजे तो चालवतो. तसंच 'शी रन्स अ मेस', ती खानावळ चालवते. 'दे रन अ स्कूल', ते शाळा चालवतात. वाक्य वाचताना रनच्या पुढच्या शब्दावर बोट ठेवा. वस्तू दिसली की 'चालवणे'.

आता इथे एक मोठा खड्डा आहे, आणि माझ्या वर्गात जवळजवळ प्रत्येक जण त्यात पडतो. 'चालवणे' दिसलं की सगळीकडे रन लावायचा मोह होतो. 'आय रन माय बाइक टू जळगाव' असं वाक्य मी कित्येकदा खोडलं आहे. दुचाकी आणि सायकल 'राइड' करतात, मोटारगाडी आणि बस 'ड्राइव्ह' करतात. मग 'रन अ बस' कधी म्हणायचं? हा फरक एसटीवरून चांगला कळतो. जळगाव-चोपडा गाडीच्या चाकावर बसलेले ड्रायव्हरदादा ती बस ड्राइव्ह करतात. पण ती गाडी रोज सुटावी, डिझेल भरलं जावं, वेळापत्रक लागावं, हे सगळं महामंडळ बघतं. म्हणून महामंडळ ती बस रन करतं. स्टिअरिंग हातात असलेला ड्राइव्ह करतो, कारभार हातात असलेला रन करतो. 'कॉस्टली टू रन' अशी गाडी म्हणजे पोसायला महाग गाडी.

उलट दिशेनेही जपायला हवं. आपलं 'चालेल' हे रन नव्हे. "चहा चालेल का?" याला इंग्रजीत रन लावलात तर समोरच्याला काहीच बोध होणार नाही, तिथे 'वुड यू लाइक सम टी' असंच विचारायचं. 'हात चालव' म्हणजे लवकर कर, तिथेही रन नाही. 'चालत गेलो' म्हणजे तर 'वॉक'.

तिसरी पायरी: पाणी आहे का, ते बघा

रन हा फार जुना शब्द आहे. जर्मन भाषेत त्याची जवळची बहीण 'रिनेन' आहे, आणि तिचा अर्थ वाहणे. धावणं आणि वाहणं ही दोन्ही कामं या शब्दाच्या घराण्यात पहिल्यापासून आहेत. म्हणून जे जे पातळ आहे, ओघळतं आहे, त्याला रन लागतो. 'द तापी रन्स वेस्ट', तापी पश्चिमेकडे वाहते. नळ चालू राहिला तर 'द टॅप इज रनिंग'. नाक वाहत असेल तर 'रनी नोज'. धुण्यात लाल साडीचा रंग सुटून पांढऱ्या सदऱ्याला लागला तर 'द कलर रॅन'. इथे 'रंग धावला' म्हणून कसं चालेल? रंग सुटला, रंग गेला.

नर्सिंगच्या मुलींनी दोन प्रयोग वहीत वेगळे लिहून ठेवावेत. 'शी इज रनिंग अ फीवर' म्हणजे तिच्या अंगात ताप आहे. आणि बोलताना कोणी 'द रन्स' म्हणालं तर ते जुलाब. केसपेपरवर हा शब्द लिहू नका, तो घरगुती आहे. पण पेशंटच्या तोंडून आला तर कळायला हवा.

पाण्यावरून आठवलं. रस्ते आणि डोंगरसुद्धा इंग्रजीत रन करतात, जागचे न हलता. 'द सातपुडा रन्स अलाँग द नॉर्थ ऑफ खान्देश', खान्देशाच्या उत्तरेला सातपुडा पसरलेला आहे. सुरत-भुसावळ रेल्वेलाइन नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरवरून जाते, ती इंग्रजीत रन करते. आपणही म्हणतोच की, हा रस्ता चोपड्याला जातो. रस्ता कुठे जातो, तो तर तिथेच असतो!

चौथी पायरी: शेपटीचा शब्द

रनच्या मागे आउट, इन्टू, ओव्हर असे बारके शब्द लागले की अर्थ पूर्ण पालटतो. इथे 'चालणे'ची युक्ती सोडून द्या; रन आणि शेपूट मिळून एकच नवा शब्द धरा.

सगळ्यात जास्त गोंधळ 'रन आउट'चा होतो, कारण क्रिकेटमुळे तो आपल्याला आधीच ओळखीचा वाटतो. खेळाडू धावचीत झाला तर रन आउट. पण 'वी रॅन आउट ऑफ पेट्रोल' म्हणजे आमचं पेट्रोल संपलं. दुकानदार 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर' म्हणाला तर साखर संपली. वस्तू संपली असेल तर आउटच्या मागे 'ऑफ' आणि मग त्या वस्तूचं नाव येतं, ही त्याची खूण.

'रन इन्टू' म्हणजे अवचित गाठ पडणे: बस स्टँडवर जुना वर्गमित्र भेटला, 'आय रॅन इन्टू हिम'. ट्रॅक्टर विजेच्या खांबावर आदळला तरीही 'रॅन इन्टू'च. माणूस की खांब, एवढं बघायचं. 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली घेणे, आणि सभा ठरल्या वेळेपेक्षा लांबली तरीही तेच. 'रन डाउन' बॅटरीला म्हटलं तर उतरली, माणसाला म्हटलं तर अशक्त झालेला, गळून गेलेला. किराण्याची उधारी साठत गेली तर 'रन अप अ बिल'. 'रन थ्रू' म्हणजे कागदावरून एकदा झरझर नजर फिरवणे; रेल्वेत मात्र रन थ्रू म्हणजे स्टेशनात न थांबता गाडी निघून जाणे. 'रन अवे' सोपा आहे, पळून जाणे.

पाचवी पायरी: बोलणारा कोणत्या धंद्यातला आहे

गेल्या उन्हाळ्यात यावलकडचे एक केळीवाले काका वर्गात मोबाइल घेऊन आले. बोअरच्या मोटरीला नवीन पॅनल बसवलं होतं. त्याच्यावर एक लाल दिवा लागायचा आणि मोटर आपोआप बंद व्हायची. दिव्याखाली लिहिलं होतं 'ड्राय रन'. नववीतल्या मुलाने एकेक शब्द शोधून सांगितलं, ड्राय म्हणजे कोरडा, रन म्हणजे धाव, कोरडी धाव. मग मोबाइलवर दोन्ही शब्द एकत्र टाकून शोधलं, तर अर्थ आला 'रंगीत तालीम'. काका फोटो पुढे करून म्हणाले, "मॅडम, मोटर कशाची तालीम करते?"

दोन्ही अर्थ खरे आहेत, पण दोन वेगळ्या घरांतले. पंपाच्या घरात ड्राय रन म्हणजे पाण्याविना मोटर फिरणे. पाणबुडी मोटरीला पाणीच थंड ठेवतं. बोअरमधलं पाणी खाली गेलं आणि मोटर तशीच कोरडी फिरत राहिली, की ती तापते आणि वाइंडिंग जळतं. तो लाल दिवा सांगत होता की बोअरला पाणी कमी पडतंय, म्हणून मी मोटर थांबवली. पॅनल बिघडलेलं नव्हतं, उलट त्याने मोटर वाचवली होती. काकांनी तोवर दोनदा वायरमनला बोलावून पैसे दिले होते, दिवा लागतोच कशाला म्हणून. एका शब्दाचा अर्थ वेळेवर न कळण्याची किंमत अशी रोख मोजावी लागते.

दुसरं घर सरकारी कामाचं. २ जानेवारी २०२१ रोजी देशभर कोरोना लसीकरणाची ड्राय रन झाली. महाराष्ट्रात त्यासाठी पुणे, नागपूर आणि जालन्याबरोबर आपला नंदुरबार जिल्हा निवडला होता. तिथे खरी लस न टोचता सगळी व्यवस्था तपासली: नोंदणी, रांग, टोचल्यानंतर बसवून ठेवायची खोली. ही ड्राय रन म्हणजे रंगीत तालीम. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी दोन्ही अर्थ वहीत लिहिले, एकासमोर बोअरचं चित्र काढून, एकासमोर सुईचं.

असंच इतर धंद्यांत. फर्निचरवाला 'रनिंग फुटा'चा भाव सांगतो, तेव्हा रुंदी न धरता फक्त लांबीवर पैसे घेतो. कापडदुकानात 'रनिंग' माल म्हणजे ज्याला सतत उठाव आहे तो. कॉम्प्युटरवर प्रोग्राम रन करणे म्हणजे सुरू करून चालवणे. बँकेवर 'रन' आला म्हणजे ठेवी बुडतील या धास्तीने सगळे ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला दारात जमले. आणि निवडणूक! अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, इंग्लंडात तो 'स्टँड' होतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीला माणूस उभा राहतो, म्हणजे आपली म्हणण्याची रीत इंग्लंडशी जुळते. बातमी अमेरिकेची असेल तर रन म्हणजे उभं राहणं, एवढं ध्यानात ठेवा.

सहावी पायरी: रन नाम म्हणून आला तर आपली 'धाव' आठवा

रनच्या आधी 'अ' किंवा 'द' असेल तर तो बहुतेक नाम असतो. इथे मराठीतली 'धाव' उपयोगी पडते. क्रिकेटमधला रन तर धावच. 'रनिंग कॉमेंट्री' म्हणजे धावतं समालोचन. शिवणातला 'रनिंग स्टिच' म्हणजे धावदोरा. आमच्या वर्गातल्या एका ताई गोधड्या शिवतात. हा शब्द त्यांना मी शिकवलाच नाही. त्यांनी हातातलं काम दाखवलं, मी इंग्रजी नाव सांगितलं आणि त्या म्हणाल्या, "मग हे तर धावदोऱ्याचंच नाव."

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, धाव म्हणजे काय. बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. विहिरीवर मोट होती तेव्हा बैल ज्या उतारावरून पुढे-मागे जायचे तीही धाव. खेळातली धाव, चाकाची धाव, मोटेची धाव: ज्याने हे तीन अर्थ कधी एकमेकांत मिसळले नाहीत, त्याला इंग्रजी रन जमणार नाही हे मी मानायलाच तयार नाही. शेजारी बैल आहे, चाक आहे की बॅट आहे, यावरून आपण अर्थ ओळखत आलो. रनलाही तेच करायचं.

'इन द लाँग रन' तेवढा एक वेगळा लिहून घ्या: पुढे जाऊन, लांबचा विचार करता.

सातवी पायरी: वही

शंभर पानी वही घ्या, दोन पानं रनला द्या. शब्द आणि त्यासमोर अर्थ असं लिहू नका. जिथे रन भेटला ते अख्खं वाक्य लिहा, कुठे भेटला तेही लिहा, आणि खाली ते वाक्य तुम्ही घरी ज्या बोलीत बोलता त्या बोलीत लिहा. अहिराणीत लिहिलंत तरी उत्तम. 'मोटर चाली राहिनी' हे 'द मोटर इज रनिंग'चं पक्कं भाषांतर आहे. रूपं तीन: आज रन, काल रॅन, आणि 'हॅव'च्या मागे पुन्हा रन. 'आय हॅव रॅन' ही चूक इतकी पसरलेली आहे की ती कानाला बरोबर वाटू लागते, म्हणून मुद्दाम सांगते.

कोश बघताना पहिल्या अर्थावर थांबू नका. पहिला अर्थ बहुधा धावणे असतो, आणि तुम्ही अडलात त्याअर्थी तो तुमचा अर्थ नाही. खाली दिलेली उदाहरणाची वाक्यं वाचत जा आणि तुमच्या वाक्यासारखं दिसणारं सापडलं की तिथे थांबा. मोबाइलवर शोधताना नुसता रन टाकू नका, पूर्ण वाक्य टाका.

आठवड्याला तीन वाक्यं पुरेत. एक स्टेशनवरच्या घोषणेतलं, एक कुठल्यातरी यंत्राच्या पाटीवरचं किंवा माहितीपत्रकातलं, एक बातमीतलं. यावलच्या काकांच्या वहीत आता अकरा वाक्यं झाली आहेत. शेवटचं त्यांनी गेल्या गुरुवारी लिहिलं, जळगाव स्टेशनच्या फलाटावर, पाहुण्यांना घ्यायला गेले असताना: 'रनिंग लेट बाय फॉर्टी मिनिट्स.' खाली त्यांच्या अक्षरात, 'चाळीस मिनिटं उशीर. चहा घेऊन येतो.'